पेन धरून बोटं दुखतात, ग्रिप नक्की कशी असावी?

इंदिरानगरकर
नमस्कार मंडळी. मुलगा नववीत आहे. यंदा लिखाण एकदम वाढलंय, शाळेच्या वह्या, क्लासच्या वह्या, वर प्रॅक्टिकलची जर्नल्स. दोन-तीन पानं झाली की पेन खाली ठेवून हात झटकत बसतो. मधल्या बोटाच्या शेवटच्या पेरावर नखाच्या बाजूला चांगला घट्टा पडलाय आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखतं म्हणतो. वहीचं पान उलटून मागून हात फिरवला तर अक्षरं बोटाला लागतात, इतकं दाबून लिहितो. मेनरोडला जाऊन रबरी ग्रिपवाले, जाड, त्रिकोणी असे वेगवेगळे पेन आणून झाले. चार दिवस बरं वाटतं, मग परत तेच.

ग्रिपमुळे खरंच फरक पडतो का? आणि पडत असेल तर दुकानात उभं राहून काय बघून घ्यायचं? पुढच्या वर्षी दहावी आहे, तीन-तीन तासांचे पेपर, म्हणून आत्ताच विचारतेय. कंपन्यांची नावं सांगा पण ते पेन का चांगलं तेही सांगा प्लीज.

रविवारकारंजा
रेनॉल्ड्स ०४५. पांढरी बॉडी, निळं टोपण. अख्खी पिढी त्यावर पास झाली, ग्रिप हा प्रकारच माहीत नव्हता.

गंगापूररोडी
@रविवारकारंजा आणि अख्ख्या पिढीला घट्टेही पडले होते की. माझा अजून आहे, लग्नात हळद लागली ती त्याच्यात बसली होती.

सातपूरचा_मोल्डर
ताई, मी प्लास्टिक मोल्डिंगमध्ये आहे. हत्यारांच्या मुठी, नॉब, हँडल ही कामं रोजची, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी बोटं आवळतातच का ते बघा. पेन टेकवला की कागद त्याला उलटा वर ढकलतो, म्हणजे पेन बोटांतून वर सरकायला बघतो आणि बोटं खाली निबकडे घसरायला बघतात. ते होऊ नये म्हणून आपण आवळतो. प्लास्टिक गुळगुळीत, त्यात हाताला घाम, की अजून आवळायचं. आता हे कमी करायचं तर मुळात कागदावर जोरच कमी लागला पाहिजे, पण ते ग्रिपच्या हातात नाही, ते शाईचं काम आहे. ग्रिप काय करू शकते तर घर्षण वाढवू शकते, म्हणजे रबर, आडव्या खाचा, मेटलच्या पेनाला असतं ते नर्लिंग, म्हणजे कोरलेला खरबरीतपणा. आणि मला सगळ्यात पटतो तो आकार. टोकाकडे जाताना पेन किंचित फुगलेला हवा नाहीतर तिथे बारीकशी पायरी हवी, बोट तिला टेकतं आणि आवळायची गरजच अर्धी संपते. बरेच स्वस्त पेन नेमके उलटे, टोकाकडे निमुळते होत जातात.

जाडीचं म्हणाल तर साधी षटकोनी पेन्सिल ७ मिमीच्या आसपास असते. पायलट कंपनीने जपानमध्ये १९९१ साली डॉक्टर ग्रिप काढला तो जवळपास त्याच्या दुप्पट जाड. जाड पेनाला बोटं कमी मुडपावी लागतात आणि तोच दाब जास्त कातडीवर पसरतो म्हणून टोचत नाही. पण मुलाचा पंजा केवढा आहे ते बघून घ्या, लहान हाताला फार जाड पेन वळवताच येत नाही.

दुकानात एवढं करा. रबर चिमटीत धरून पिळा. वरून नुसती नळी चढवलेली असेल तर ती गोल फिरते आणि फिरणारी ग्रिप नसलेली बरी, कारण तिला जागेवर ठेवायलाच जोर जातो. प्लास्टिकवर रबर ओतून बसवलेलं असेल, ओव्हरमोल्ड, तर ते हलत नाही. मग ग्रिपवरून आडवं नख फिरवा. साच्याचे दोन भाग मिळतात तिथे उभी बारीक रेघ उठते, आम्ही पार्टिंग लाईन म्हणतो. साचा झिजला की ती चांगली वर येते आणि तर्जनीखाली आली की तिथेच सोलवटतं. आणि फार मऊ रबर बिलकुल घेऊ नका. दाबल्यावर आत जाणाऱ्या ग्रिपमध्ये पेन डळमळतो आणि पोरं अजून जोरात धरतात.

रविवारकारंजा
बाप रे. दहा रुपयाच्या पेनात एवढं असतं? उद्या दुकानदार मला हाकलणार आहे नक्की, नखं फिरवत बसलो तर.

कित्तागिरवा
मी नाशिकरोडला हस्ताक्षराचे वर्ग घेते. वरचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला, पण माझं मत वेगळं आहे. पेन नंतर, पकड आधी. अंगठा आणि तर्जनी समोरासमोर, मधलं बोट खालून आधाराला, आणि पकड टोकापासून साधारण एक इंच वर. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांचा अंगठा तर्जनीवरून पलीकडे गेलेला असतो, पेन मुठीत कोंडलेला. मग टोक दिसत नाही, ते बघायला मान वाकडी, मान वाकडी म्हणून खांदा वर, आणि घरी तक्रार येते ती "बोट दुखतं" अशी. त्यावर कितीही महाग ग्रिप चढवा, अंगठा तिथेच राहतो.

म्हणून पहिलीपासून त्रिकोणी पेन्सिल द्या असं मी प्रत्येक पालकाला सांगते. तीन बाजू, तीन बोटं. फेबर कॅसलची ती ठिपके ठिपके असलेली ग्रिप पेन्सिल तर छानच आहे, आता देशी कंपन्यांच्याही त्रिकोणी मिळतात, टपरीवर सुद्धा. आणि पेन्सिलीचे तुकडे फेकू नका हो! लहानशी पेन्सिल मुठीत धरताच येत नाही, बोटांनीच धरावी लागते.

हातवारे
ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, लहान मुलांबरोबरच काम करते. @कित्तागिरवा मॅडम, तुकड्यांच्या बाबतीत शंभर टक्के सहमत, आम्हीही तेच करतो, खडू पण मोडून देतो. पण पकडीबद्दल थोडं थांबा. तीन बोटांची पकड ही एकच बरोबर असं आता कोणी म्हणत नाही. मधल्या बोटाऐवजी अनामिकेवर पेन टेकवणारी चार बोटांची पकड असते, आणि या दोन्हींमध्ये अंगठा आडवा येणारे प्रकार असतात. कॅनडात चौथीच्या मुलांवर याचा अभ्यास झालाय, या चारही पकडींत लिहिण्याचा वेग आणि अक्षराची वाचनीयता यात फरक निघाला नाही. पहिलीतल्या मुलाला जरूर वळण लावा. नववीतल्या मुलाची वर्षानुवर्षांची पकड दहावीच्या तोंडावर मोडू नका, त्याला अक्षरही जाईल आणि वेगही.

@इंदिरानगरकर दुखणं नेमकं कधी होतं ते बघा. फक्त लिहिताना दुखतं आणि हात ठेवला की बरं वाटतं तर ते बहुतेक स्नायू थकण्याचं आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना रात्री मुंग्या येत असतील, किंवा अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवलं की कळ येत असेल, तर मग पेन बदलत बसू नका, दाखवून घ्या. अजून एक असतं ते रायटर्स क्रॅम्प. त्यात दुखण्यापेक्षा बोटं आपोआप मुडपतात किंवा मनगट वळतं, बऱ्याचदा तेही फक्त लिहिताना, चमचा धरताना काहीच नाही. तो डिस्टोनियाचा प्रकार आहे, म्हणजे मेंदूकडून स्नायूंना जाणारा आदेशच बिघडतो, ग्रिपने बरा होत नाही, त्याला न्यूरॉलॉजिस्ट लागतो. हे मुलाला असेल असं अजिबात म्हणत नाहीये, मोठ्यांमध्ये जास्त दिसतं, पण धागा बरेच जण वाचतात म्हणून लिहून ठेवलं.

शाईची_दौत
लिहून लिहून हात जाण्याचा आजार फार जुना आहे. इटलीतले डॉक्टर रामाझ्झिनी यांनी कामधंद्यातल्या आजारांवर ग्रंथ लिहिला, त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत कारकुनांवर वेगळं लिहिलंय. कारणं तीन दिली आहेत, सतत बसणं, हाताची एकाच तऱ्हेची अखंड हालचाल, आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तिसरं कारण वाचून मी थक्क झालो होतो. परीक्षेतल्या मुलाचा हात का आवळतो याचं उत्तर तिथे आहे.

मी स्वतः सरकारी कचेरीत जन्म काढला. आम्हाला दाबून लिहायची सवय लागली ती कार्बन पेपरमुळे, पावती तीन प्रतीत, तिसरीवर उमटलं नाही तर साहेब परत पाठवायचे. आता कार्बन गेला पण त्याच हातांनी पुढच्या पिढीला "दाबून लिही, नीट उमटू दे" म्हणून शिकवलं.

बॉलपेनची शाई तेलकट आणि दाट. गोळी फिरली तरच ती कागदावर उतरते आणि गोळी फिरवायला दाब हवाच. फाउंटन पेनाला दाब लागतच नाही, निबच्या चिरेतून शाई आपसूक ओढली जाते, नुसतं टेकवायचं आणि न्यायचं. माझा सल्ला म्हणजे मुलाला शाईचं पेन द्या, ग्रिपचा प्रश्नच उरणार नाही.

पेपर२_वाला
काका आदर आहे पण पुरवणीच्या कागदावर फाउंटन पेन म्हणजे आत्महत्या. मागच्या बाजूला सगळं उमटतं, त्या पानावर लिहिता येत नाही. आणि पेपरच्या मध्ये शाई संपली तर?

मी स्पर्धापरीक्षेचं करतोय, एमपीएससीची मुख्य पण आता वर्णनात्मक झाली आहे, यूपीएससीसारखंच तीन तास सलग लिहायचं. अभ्यासिकेत दिवसभर हाच विषय असतो, कोणाचा हात कितव्या प्रश्नाला गेला. पोरं काय काय करतात सांगतो. मेडिकलमधली कापडी चिकटपट्टी बोटाला लावतात, घट्ट्याच्या जागी. एकाने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी पेनावर गुंडाळली होती, पकड मस्त पण हात काळे आणि वास. सगळ्यात भारी निघालं ते बॅडमिंटनच्या रॅकेटची ओव्हरग्रिप. अर्धा इंच रुंद पट्टी कापायची, खालून वर तिरकी ओढून गुंडाळायची, शेवटी चिकटपट्टी. घाम पिते, सरकत नाही, जाडी हवी तेवढी करता येते, एका ग्रिपमध्ये अख्ख्या रूमचे पेन होतात.

सातपूरचा_मोल्डर
वा! टोकाजवळ एक वेढा जास्त द्या, मी म्हणालो ती पायरी तयार होईल.

पेपर२_वाला
केलं. एकदम भारी दादा, बोट खाली येतच नाही. हे सुचलंच नव्हतं.

डावरा_नाशिककर
डावऱ्यांचं कोणीच बोलत नाही नेहमीप्रमाणे.

उजवे लोक पेन ओढत नेतात, आम्ही ढकलत नेतो. ढकलताना टोक कागदात रुततं म्हणून आपोआप जास्त आवळलं जातं. वर त्या बोटांच्या आकाराच्या खोबणी असलेल्या ग्रिप, त्या सगळ्या उजव्या हाताच्या मापाने, डाव्या हातात खोबणीची कडच बोटाखाली येते. जर्मनीची स्टॅबिलो कंपनी डाव्यांची आणि उजव्यांची वेगळी पेनं बनवते, इथे मागवायची म्हणजे महाग. मला सरळ त्रिकोणी बरी पडते, ती दोन्ही हातांना सारखीच. बाकी काय करतो तर कागद वरच्या बाजूने उजवीकडे कलता ठेवतो आणि पेन जरा उंचावर धरतो म्हणजे हात ओळीच्या खालून जातो, पुसत नाही. आणि शिरोरेघ मी उजवीकडून डावीकडे ओढतो! लहानपणी यावरून ओरडा खाल्लाय पण ती ओढली की सरळ येते, ढकलली की नागमोडी.

कित्तागिरवा
@डावरा_नाशिककर शिरोरेघेचं हे मी माझ्या वर्गातल्या डाव्या मुलांना नक्की करून बघायला सांगेन. खरंच धन्यवाद.

@हातवारे अभ्यास असेल, पण तो चौथीच्या मुलांचा आणि थोड्या वेळाच्या लिखाणाचा असणार ना? तीन तासांच्या पेपरला दुसऱ्या तासानंतर काय होतं ते मी बघते. आडवा अंगठा असलेली मुलं आधी थकतात.

हातवारे
तुमचा मुद्दा रास्त आहे. माझं म्हणणं इतकंच की थकतंय, दुखतंय तर बदला, नुसती वेगळी दिसते म्हणून बदलू नका.

रामकुंडावरून
अवांतर होतंय पण लिहितो. आमच्या नात्यात तीर्थपुरोहित आहेत, यजमानांच्या वंशावळीच्या वह्या घरात आहेत. जुन्या पानांवर मोडी, बोरूने लिहिलेली. बोरू म्हणजे साधी वेळूची काडी, कुठली ग्रिप नि काय, पण हातात घेऊन बघा, बोटाएवढी जाड, वजनाला काही नाही, आणि घामाने निसटत नाही. कत, म्हणजे टोकाचा तिरका काप, झिजली की चाकूने परत घ्यायची. दाबलं तर टोक फाटायचं म्हणून दाबून लिहिणारा माणूसच तयार व्हायचा नाही. वही मोठी, ती मांडीवर नाहीतर उतरत्या बैठ्या डेस्कावर, त्यामुळे मनगट सरळ राहतं.

आता काका बॉलपेनच वापरतात. जेल वापरू नका म्हणतात, पाणी लागलं की काहींची शाई पसरते आणि घाटावर पाणी तर लागणारच, नाव पुढच्या पिढ्यांना वाचता आलं पाहिजे. २०२७ च्या सिंहस्थात केवढं लिखाण असेल कल्पना करा. काकांच्या अंगठ्याला आत्ताच त्रास आहे, म्हणून हा धागा नीट वाचतोय.

शाईची_दौत
सुंदर प्रतिसाद. उतरत्या डेस्काचं तर फारच महत्त्वाचं. आमच्या जुन्या ऑफिसात होती ती, नंतर सपाट स्टीलची टेबलं आली.

हातवारे
हो, मुलांसाठी आम्ही साधारण वीस अंशांचा उतार देतो. जाड बॉक्स फाईल आडवी ठेवली तरी काम होतं, जाड बाजू वर. काकांना पण करून बघू द्या.

पंचवटी_एक्सप्रेस
रोज मुंबईला जाणारा, गाडीत बसून रिपोर्ट लिहिणारा माणूस बोलतोय. लॅमी सफारी वापरून बघा कोणीतरी, १९८० पासून निघतंय, शाळेतल्या पोरांसाठीच डिझाइन केलेलं, धरायच्या जागी दोन बाजू सपाट केलेल्या आहेत, बोटं आपोआप जागेवर बसतात.

शाईची_दौत
ज्यांची बोटं मुळात तशी बसतात त्यांची. माझी बसत नाहीत, ती कड नेमकी पेरात घुसते. बोटं कुठे ठेवायची हे पेनाने ठरवलं की काहींना फार सोयीचं होतं आणि बाकीच्यांची पंचाईत. घ्यायच्या आधी अर्धं पान तरी लिहून बघा, दुकानात देत नसतील तर कोणाचं तरी मागून आणा.

सिडकोची_पोरगी
माझ्या एका आवडत्या पेनची रबर ग्रिप चिकट झालीये, धूळ केस सगळं चिकटतं. काही उपाय?

सातपूरचा_मोल्डर
रबर मऊ ठेवायला त्यात जे तेलकट घटक घालतात ते हळूहळू बाहेर येतात, उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर अजून लवकर. स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, काही दिवस बरं राहील. फार झालं तर ग्रिप काढून टाका आणि वरची बॅडमिंटनवाली पट्टी लावा.

इंदिरानगरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल वाटलं नव्हतं. मधल्या काळात काय केलं ते सांगते, कोणाला तरी उपयोग होईल.

हातवारे ताईंनी सांगितलेल्या गोष्टी विचारल्या. मुंग्या नाहीत, मनगट वाकवून कळ नाही, हात ठेवला की बरं वाटतं. मग आधी ग्रिप सोडून शाई बदलली. जेल पेन, ०.७ चं. पहिल्यांदा अक्षर फाफललं, त्याचं त्यालाच आवडेना, पण त्याला दाबावंच लागत नाही हे लक्षात आल्यावर हात सैल पडायला लागला. मागून पान आता पुष्कळ सपाट लागतं. दुसरं म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलाला काच आहे आणि क्लासचं सगळं तो सुट्या कागदांवर लिहितो, एकेक कागद काचेवर ठेवून. कडक पृष्ठभागावर गोळी घसरते म्हणून तो अजून दाबत होता. आता खाली जुनी वही असते.

आणि मग ओव्हरग्रिप, पायरीसकट. अंगठ्याचं दुखणं बरंच कमी आहे. घट्टा आहे तसाच आहे, तो जायला वेळ लागेल असं दिसतंय. आडवा अंगठा मात्र आहेच, त्याला हात लावलेला नाही.

एकच अडचण. जेलची रिफिल भराभर संपते आणि शाळेतल्या एका बाईंना जेल चालत नाही, बॉलपेननेच लिहा म्हणतात.

पेपर२_वाला
मग कमी दाट शाईचं बॉलपेन घ्या ताई, युनी जेटस्ट्रीम वगैरे, तेलकटच शाई पण पातळ, हलक्या हाताने उमटतं. महाग आहे थोडं. बाईंना ते बॉलपेनच दिसेल, आणि आहेच ते बॉलपेन.

कित्तागिरवा
शाळेशी बोला, बोटाचा घट्टा दाखवा. बहुतेक शिक्षक ऐकतात हो. आणि अंगठा दुखत नसेल तर राहू द्या, हे मी हातवारे मॅडमचं ऐकून म्हणतेय.

हातवारे
:)
दर अर्ध्या तासाने पेन ठेवून बोटं पूर्ण ताणून उघडायची, मुठी आवळायच्या नाहीत. परीक्षेत सुद्धा, प्रश्न बदलताना.

सातपूरचा_मोल्डर
इथल्या चर्चेवरून एक नमुना करतोय. टीपीयू म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट करायची, पेनावर सरकवायची स्लीव्ह, सरळ त्रिकोणी म्हणजे डाव्यांनाही चालेल, टोकाला पायरी, आणि आतून थोडी कमी मापाची म्हणजे फिरणार नाही. फाईल इथेच टाकेन, कोणीही प्रिंट करून घ्या, पैसे वगैरे काही नाही. फक्त तुमच्या रोजच्या पेनाचा व्यास कळवा, व्हर्नियर असेल तर उत्तम, नसेल तर दोऱ्याचा एक वेढा देऊन दोरा मोजा आणि ३.१४ ने भागा. जिथे धरता तिथला मोजा, मधला नको.

डावरा_नाशिककर
८.४ मिमी. डावा हात, टोकापासून साडेतीन सेंटीमीटर वर धरतो.

रामकुंडावरून
काकांच्या पेनाचा ९ मिमी भरला. त्यांना जरा जाड चालेल, हाताला थरथर आहे. घाटावर वापरणार आहेत म्हणून ओल्या हातात निसटणार नाही अशा खाचा दिल्यात तर बरं होईल.

सातपूरचा_मोल्डर
आडव्या खाचा देतो, पाणी बाहेर जायला वाट राहील. शनिवारी पहिला तुकडा निघाला की रामकुंडावर येऊन काकांच्याच हातात देतो.